पायांखालचा वज्रलेप

नव्या घरीं पाहुणे आले म्हणजे उंबरठा ओलांडतांना त्यांची पहिली नजर जमिनीवर जाते. गृहिणीची दक्षता आणि घरधन्याची ऐपत या दोन्ही गोष्टी जमीन न बोलतां सांगून टाकते. आमच्या आजीच्या काळीं ही जमीन मातीची होती. मुरूम पसरून, पाणी शिंपून ती धुमसानें चोपीत. वर शेणमातीचा हात फिरवीत. आणि मग दर आठवड्याला, सणावारीं तर आदल्या दिवशींच, घरांतल्या सुना ती सारवून काढीत. त्या सारवणाचा मऊ गारवा ज्यांनीं अनुभवला आहे त्यांना तो विसरतां येत नाहीं. परंतु तो गारवा कोणाच्या कमरेच्या मोलानें मिळत होता, हेंही विसरूं नये. पुढें शहाबादी फरशी आली, कोबा आला, ठिपक्यांची मोझॅक फरशी आली, आणि अलीकडे चकचकीत टाइल्स आल्या. प्रत्येक वेळीं आपण एकच आशा बाळगली कीं, एकदां जमीन केली म्हणजे पुन्हां तिच्याकडे वाकून पाहावें लागूं नये.

त्याच आशेचें अगदीं नवें रूप म्हणजे इपॉक्सीची जमीन होय. शिरोली, गोकुळ शिरगांव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतींत ज्यांचें जाणें-येणें आहे त्यांनीं ती पाहिलीच असेल. करड्या अथवा हिरव्या रंगाची, कोठेंही सांधा नसलेली आणि प्रकाश पडला कीं पाण्यासारखी चमकणारी अशी ती असते. औषधांचे कारखाने, शस्त्रक्रियेच्या खोल्या, मोटारींचीं विक्रीदालनें येथें तिचा प्रघात पडून गेला आहे. आतां ती बंगल्यांच्या मोटारखान्यांत आणि दुकानांत शिरली आहे, व दिवाणखान्याचें दार ठोठावीत आहे. आमच्या घरींही ती आली, आणि एकदां नव्हे, दोनदां आली. पहिल्या वेळीं आम्ही फसलों, दुसऱ्या वेळीं शिकलों. तें शिक्षण आम्हांस महाग पडलें. वाचकांस तें फुकट मिळावें म्हणून हा लेख.

हा लेप आहे तरी काय?

इपॉक्सी हा नेहमींच्या अर्थाचा रंग नव्हे. भिंतीच्या रंगांतील पाणी उडून जातें व रंग मागें राहतो. इपॉक्सीचें तसें नाहीं. ती एक कृत्रिम राळ आहे, आणि ती दोन डब्यांतून येते. एका डब्यांत राळ असते, व दुसऱ्यांत तिला घट्ट करणारें द्रव्य असतें. त्याला कारागीर 'हार्डनर' म्हणतात. राळेच्या रेणूच्या टोकांना प्राणवायूचा एक व कर्बाचे दोन अणु मिळून झालेलें एक ताणलेलें त्रिकोणी कडें असतें. हार्डनरची गांठ पडली कीं तें कडें उघडतें आणि दोन्ही द्रव्यांचे रेणु एकमेकांत गुंफले जाऊन त्यांचें एक जाळें तयार होतें. विरजण लागून दुधाचें दही झालें म्हणजे त्याचें पुन्हां दूध होत नाहीं, तसेंच हें जाळें एकदां विणलें गेलें कीं पुन्हां वितळून पातळ होत नाहीं. मात्र विरजण थोडें कमीअधिक चालतें. येथें तें चालत नाहीं. कारखानदारानें नेमून दिलेलें प्रमाण तोलूनमापूनच घ्यावें लागतें. अंदाजानें ओतणाऱ्याची जमीन महिनाभर चिकट राहते.

या राळेचा उगम दांतांच्या वैद्यकांत आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. पिएर कास्टान नांवाचे स्वित्झर्लंडमधील रसायनज्ञ १९३० नंतरच्या दशकांत कृत्रिम दांतांसाठीं योग्य द्रव्य शोधीत होते. त्यांच्या शोधाचे हक्क बाझल येथील सीबा कंपनीनें घेतले, आणि १९४६ सालीं बाझलच्या औद्योगिक प्रदर्शनांत 'अराल्डाइट' नांवाचें चिकटद्रव्य लोकांपुढें आलें. अमेरिकेंत सिल्व्हन ग्रीनली यांनीं त्याच दशकांत ही राळ लेपांच्या कामीं आणली. फुटलेली कपबशी जोडण्यासाठीं ज्या दोन नळ्या आपल्या कपाटांत असतात त्या याच घराण्यांतल्या.

कल्पना मात्र आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें आपल्या 'बृहत्संहितें'त वज्रलेपाची कृति दिली आहे. कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कच्चें कवठ, सांवरीचीं फुलें इत्यादि जिन्नस पाण्यांत घालून अष्टमांश उरेपर्यंत आटवावे. त्यांत गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेलफळ यांचा कल्क मिसळावा. आणि तो लेप तापवून देवालयें, मूर्ति, भिंती व विहिरी यांस लावावा. तो कोटि वर्षें टिकेल असें आश्वासनही ग्रंथकारानें दिलें आहे. कोल्हापुरकरांस हा शब्द परका नाहीं. सन २०१५ मध्यें श्रीअंबाबाईच्या मूर्तीचें रासायनिक संवर्धन झालें तेव्हां 'वज्रलेप' हा शब्द घराघरांत चर्चिला जात होता. आजचे लेपवालेही कोटि वर्षें सांगत नसले तरी 'आयुष्यभराची चिंता मिटली' असें सांगतातच. ती चिंता कोणत्या अटीवर मिटते, हें मात्र ते क्वचितच सांगतात.

आमची पहिली चूक

ऑगस्ट २०१९ मधील महापूर कोल्हापुरांत कोणी विसरणार नाहीं. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षीं पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. आमचें घर शाहूपुरीच्या सखल भागांत. तळमजल्यावर मोटारखाना, त्याला लागून वडील बंधूंचें हिशेबनिसाचें कार्यालय, मागें परसदारीं तुळस, आणि वर आम्हां तिघां भावांचीं बिऱ्हाडें. पाणी ओसरलें तेव्हां तळमजल्याच्या शहाबादी फरशा कोठें उचलल्या होत्या, कोठें खचल्या होत्या, आणि प्रत्येक सांध्यांत गाळ बसला होता. वहिनींनीं व मुलांनीं पंधरा दिवस घासलें. गाळ निघाला, वास निघाला नाहीं. तेव्हां कोणीसें सुचविलें कीं, सांधाच ठेवूं नये म्हणजे गाळ बसायला जागाच उरणार नाहीं.

सूचना पटण्यासारखी होती, आणि दिवाळी जवळ आली होती. फरशा काढून कोबा केला, आणि कोबा होऊन दहा दिवस झाले नाहींत तोंच त्यावर लेप देण्याचें ठरलें. कोबा करणारे गवंडी म्हातारे होते व आमच्या घरचे जुने माहितगार होते. ते बंधूंना म्हणाले, "अण्णा, जमीन अजून वली हाय. पाणी खालनं येतंय. वरनं झाकून काय उपेग?" लेप देणाऱ्याचा माणूस म्हणाला, "चालतंय की." दिवाळीची घाई असलेल्या घरांत या दोहोंपैकीं कोणता शब्द गोड लागतो, हें सांगावयास नको.

दिवाळींत जमीन अशी दिसली कीं शेजारीपाजारी पाहावयास आले. उन्हाळाभर तिनें कौतुक करून घेतलें. पुढल्या वर्षीं मृगाचा पाऊस पडला आणि आठ-पंधरा दिवसांत जमिनीवर रुपयाएवढे फोड उठले. एखादा फोड फोडला तर आंतून चिकट पाणी येई. मोटारीचीं चाकें जेथें उभीं राहत तेथला लेप तर चाकांबरोबर सोलून निघाला.

एवढ्यावर भागतें तर हा लेख लिहिला गेला नसता. श्रावणांतल्या एका सकाळीं आमच्या आत्याबाई परसदारच्या तुळशीला पाणी घालावयास मोटारखान्यांतून निघाल्या. रात्रीं भिजून आलेल्या मोटारीचें पाणी त्या गुळगुळीत जमिनीवर पसरलें होतें, आणि चकाकीमुळें तें दिसतही नव्हतें. त्यांचा पाय घसरला व खुब्याचें हाड मोडलें. वय अठ्ठ्याहत्तर. शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरुणावर गेले, त्यानंतर हातांत काठी आली ती आजतागाईत सुटलेली नाहीं. आत्याबाईंनीं कोणाला दोष दिला नाहीं. बंधु मात्र पुनःपुन्हां स्वतःला बोल लावीत, तेव्हां एकदां त्या म्हणाल्या, "अरे, जमीन काय बघायला करतात? उभं राहायला करतात." जुलै २०२१ मध्यें पाणी पुन्हां ५५ फुटांवर चढलें, आणि उरलासुरला लेप भिजल्या पापडासारखा उचलला गेला. त्याचें दुःख पैशापुरतें होतें. आत्याबाईंचें पडणें सगळ्या घराला लागलें.

ओल येते कोठून?

गवंडीबुवांचें म्हणणें शास्त्राच्या कसोटीला शंभर टक्के उतरतें. निरांजनांत तेल खालीं असतें, तरी वात टोंकापर्यंत भिजते; कारण सुताच्या तंतूंमधील बारीक वाटांनीं तेल आपण होऊन वर चढतें. सिमेंटचा कोबा दिसावयास दगडासारखा असला तरी आंतून अशाच केसासारख्या वाटांनीं भरलेला असतो. खालची माती ओली असेल तर ती ओल रात्रंदिवस वर चढत राहते. आपल्या जुन्या घरांत जमिनीखालीं ओल अडविणारा थर नाहीं. फरशीच्या सांध्यांतून ती हळूहळू हवेंत निघून जाई, म्हणून आपल्याला तिचा पत्ता लागत नसे. वरून इपॉक्सीचा अभेद्य लेप दिला कीं तिची वाट बंद होते. मग ती लेपाखालीं सांचते, विरघळलेले क्षार बरोबर आणते, आणि शेवटीं लेपाला खालून ढकलून फोड आणते.

दुसरें कारण कोब्याच्या वरच्या सायीचें. ओला कोबा थापीनें घोटला म्हणजे सिमेंटचा पातळ, दुधी थर वर येतो. तो गुळगुळीत दिसतो, परंतु अंगीं बळ नसतें. लेप त्या सायीला घट्ट चिकटतो आणि साय कोब्यापासून सुटते. चाकांबरोबर जें सोललें गेलें त्याच्या पाठीवर पांढुरकी पूड होती. ती हीच साय. शिवाय रस्त्यावर तापून आलेलीं चाकें पातळ लेपाला मऊ करतात आणि थंड होतांना त्याला धरून ठेवतात. लेप जमिनीला नीट धरून नसेल तर तो चाकाकडे जातो.

तिसरें कारण आमची घाई. सिमेंटच्या कामाला पुरतें बळ येण्यास २८ दिवस धरण्याची रीत आहे, व तितके दिवस तरी लेपानें थांबावें असा नियम आहे. आम्ही दहा दिवसही थांबलों नव्हतों.

दुसरा प्रयत्न

सन २०२२ च्या आरंभीं आम्ही पुन्हां त्या कामाला हात घातला. या वेळीं गवंडीबुवांना प्रथम विचारलें. जमीन खणून काढली. दगडांची भर व मुरूम चोपून त्यावर जाड प्लॅस्टिकचा अखंड कागद अंथरला आणि त्यावर चार इंचांचें काँक्रीट टाकलें. मोटारखान्याला बाहेरच्या बाजूस उतार दिला. मग संक्रांतीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत तिला कोणी हात लावला नाहीं.

वैशाखांत परीक्षा घेतली. ती कोणत्याही घरीं करतां येण्याजोगी आहे. सुमारे दीड फूट लांबरुंद असा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर अंथरून चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या व किमान सोळा तास तसाच ठेवावा. त्याच्या आंतल्या बाजूस दंव जमलें किंवा खालची जमीन काळवंडली तर ओल आहे असें समजावें. आम्ही चार जागीं तुकडे लावले. तीन कोरडे निघाले. न्हाणीघराच्या भिंतीजवळचा चौथा आंतून ओला झाला. भिंतींतला नळ झिरपत होता. तो दुरुस्त करून आणखी दोन आठवडे थांबलों. कारागिरांजवळ ओल मोजण्याचें यंत्रही असतें. वजनाच्या मानानें ४ टक्क्यांहून कमी ओल असावी असा त्यांचा सर्वसाधारण नियम आहे.

पुढचें काम पांच दिवसांचें. प्रथम घासण्याच्या यंत्रानें वरची साय समूळ काढली व धूळ शोषयंत्रानें ओढून घेतली. भेगा रुंद करून त्यांत राळ व वाळू यांचा गारा भरला. नंतर पातळ राळेचा पहिला हात दिला; त्याला ते 'प्रायमर' म्हणतात व तो काँक्रीटच्या छिद्रांत मुरतो. त्यावर लांबी फिरवून जमीन सारखी केली, आणि शेवटीं रंगीत लेप ओतला. मोटारखान्यांत रोलरनें दिलेले दोन हात मिळून जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास भरते. कार्यालयांत आपोआप सपाट होणारा जाड लेप दिला. तो एक ते तीन मिलिमीटर असतो. या दुसऱ्या कामाच्या वेळीं कारागीर खिळ्यांचे जोडे घालून ओल्या लेपावर चालतात व कांटेरी रोलर फिरवून हवेचे बुडबुडे बाहेर काढतात. मुलांना तो खेळ फार आवडला.

राळ व हार्डनर एकत्र झाले कीं बादली आपोआप तापूं लागते. उन्हाळ्यांत अर्ध्या तासाच्या आंत ती ओतून पसरावी लागते. नाहीं तर बादलींतच दगड होतो. म्हणून काम सकाळच्या गारव्यांत चाले. हवेंतील दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर गेला तर ओल्या लेपावर चिकट, मेणचट साय धरते. तेव्हां आषाढ-श्रावणांत हें काम कोल्हापुरांत काढूंच नये. दुसऱ्या दिवशीं पायांनीं चाललों, परंतु मोटार सात दिवस रस्त्यावरच ठेवली.

मोटारखान्यांत आणि परसदारच्या वाटेवर लेप ओला असतांना बारीक सिलिका वाळू पेरून वर पातळ हात दिला. त्या वाटेवर चमक नाहीं, पायाला खरखर लागते, आणि झाडतांना केरसुणीला थोडें अधिक श्रम पडतात. ही खरखर आत्याबाईंसाठीं आहे. त्यानंतरचे पावसाळे आले नि गेले. फोड एकही उठलेला नाहीं. मात्र ५५ फुटांचा पूर पुन्हां आला तर काय होईल, याची ग्वाही आम्ही देत नाहीं.

कोठें करावा, कोठें करूं नये

जेथें तेल सांडतें अशा यंत्रशाळा, उद्यमनगरांतल्यासारखीं दुरुस्तीचीं दुकानें, दवाखाने, औषधांचीं कोठारें आणि मोटारखाने यांना हा लेप खरोखर उपयुक्त आहे. सिमेंट तेल पितें. इपॉक्सी पीत नाहीं. मात्र जुन्या, तेल मुरलेल्या जमिनीवर लेप देण्यापूर्वीं पाण्याचे थेंब टाकून पाहावें. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तेल अजून आंत आहे.

ओतशाळेंत जेथें लोखंडाचा रस ओततात तेथें हा लेप कामाचा नाहीं. दुधाच्या धंद्यांत आणखी विचार हवा. आंबलेल्या दुधांतील आम्ल सिमेंटला खातें, म्हणून लेप हवाच. परंतु तेथें उकळत्या पाण्यानें जमीन धुतात, आणि साधी इपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढें मऊ पडूं लागते. अशा जागीं पॉलियुरेथेन व सिमेंट यांच्या मिश्रणाची जाड जमीन करतात. उन्हांत, म्हणजे गच्चीवर व अंगणांत, इपॉक्सी पिवळी पडते व तिची कांति जाते. न्हाणीघर व जिने येथें वाळू पेरल्याशिवाय ती लावूं नये. आणि ज्यांच्या माजघरांत, देवघरांत चांगली शहाबादी फरशी आहे, त्यांनीं ती झांकूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. फरशीचा एक तुकडा फुटला तर तेवढाच बदलतां येतो. लेपाला ठिगळ लावलें तर तें ठिगळच दिसतें.

एक गोष्ट कारागिरांविषयीं. कच्चा हार्डनर कातडीला वारंवार लागला तर अंगावर चट्टे उठतात, आणि एकदां ही प्रकृति जडली कीं त्या माणसाला पुढें थोडासा स्पर्शही सोसत नाहीं. त्याचा धंदाच जातो. सिमेंट घासतांना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसांत जाऊन कायमची बसते. आमच्या पहिल्या कामांत पोरें उघड्या हातांनीं राळ ढवळीत होतीं आणि आम्ही चहा देऊन समाधान मानलें होतें. दुसऱ्या वेळीं हातमोजे, मुखपट्टी आणि उघड्या खिडक्या या अटी आम्ही कामाच्या कागदावरच लिहून घेतल्या. घरांतील लहान मुलें व वृद्ध यांनाही लेप जमेपर्यंत वरच्या मजल्यावर ठेवलें.

सारांश, लेप देणारा दारांत आला म्हणजे त्याला रंगांचा तक्ता दाखवावयास सांगण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. ओल कशी तपासणार? साय कशी काढणार? किती दिवस थांबणार? आणि पाणी सांडतें त्या जागीं पाय घसरूं नये म्हणून काय करणार? या चोहोंचीं उत्तरें जो नीट देईल त्याला काम द्यावें. 'चालतंय' म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

सारवणाची जमीन रोज थोडी थोडी सेवा मागत असे. ही नवी जमीन तीच सेवा आरंभींच एकरकमी मागते, आणि ती चुकविणाऱ्याला क्षमा करीत नाहीं. वराहमिहिराचा वज्रलेपसुद्धां भक्कम दगडावर द्यावयाचा होता. आमच्या आत्याबाई आतां रोज सकाळीं काठी टेकीत त्या खरखरीत वाटेनें तुळशीपर्यंत जातात व परत येतात. तें जाणें-येणें निर्धास्त झालें, हाच आमच्या खर्चाचा हिशेब.